अठरा इंची घेऊ की चोवीस इंची?

पुण्याहून एका वाचकाने लांबलचक पत्र लिहिलंय, त्याचा सारांश असा. वय २९, संगणकाची नोकरी. दोन वर्षं शनिवार-रविवार एस्क्रिमा शिकतायत, म्हणजे फिलिपिन्सची काठी आणि पात्याची युद्धकला. वर्गात सगळं वेताच्या काठीवर चालतं. आता त्यांना मशेटी, म्हणजे झाडी तोडायचं लांब पातं, घ्यायचीय, कारण "काठी ती शेवटी काठीच, खरं पातं हातात आल्याशिवाय खरा सराव कसा होणार?" सर म्हणाले, अजून वर्षभर वेतच. मग यांनी ऑनलाइन शोध सुरू केला आणि १८ इंची की २४ इंची यावर अडले. गावी वडिलांचा ऊसतोडीचा कोयता आहे, तोच आणला तर? शेतीचं अवजार असल्याने कायद्याची भानगड नाही, असं मित्र सांगतो. सराव सोसायटीच्या गच्चीवर, पहाटे. आईचं एकच म्हणणं: उघडं पातं घरात नको. तिला कसं पटवायचं? आणि जाता जाता, ही पाती गंजतात का?

---

इंचांचं उत्तर आधी देऊन टाकते: अठरा. चोवीस इंची पातं असतं ते न वाकता पायाजवळचं गवत-झुडूप तोडता यावं म्हणून. हात खाली सोडून सरळ उभे राहा. हातातल्या मशेटीचं टोक जमिनीपासून निदान वीतभर वर राहायला हवं. तुम्ही साडेपाच-पावणेसहा फुटांचे असाल तर चोवीस इंची त्या परीक्षेत नापास होईल.

पण ती आत्ता घ्यायची का, या प्रश्नावर तुमचे सर आणि तुमची आई एका बाजूला आहेत. मी त्यांच्याच शेजारी जाऊन बसते. का, ते नीट सांगते. तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, ती नुसती हौस नाही, म्हणून लांबण लावतेय.

मी कोल्हापूरची. लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकले, पुढे एस्क्रिमाही केली. तालमीत पहिली दोन वर्षं लाठी. मलाही तुमच्यासारखंच वाटायचं, की भिंतीवरचा दांडपट्टा वस्ताद कधी उतरवणार. पण आपल्याकडची जुनी पद्धत बघा. तलवारीचे हात बसवायला फरी-गदगा होता: एका हातात चामड्याची ढाल, दुसऱ्या हातात चामडं चढवलेली काठी. घोड्यावरून भाला शिकायला बोथाटी होती, भाल्याच्या टोकाला कापडाचा बोंडा बांधलेली. ज्यांना दुसऱ्या दिवशी खरोखर लढाईवर जायचं होतं, ती माणसं बोथट हत्यारावर शिकायची. उघड्या पात्याने जोडीदाराबरोबर जोरात सराव करता येत नाही, आणि जोरात केल्याशिवाय काही शिकून होत नाही, इतका साधा हिशेब होता त्यांचा.

फिलिपिन्समध्येही हेच आहे. तिथला बोलो, म्हणजे त्यांची मशेटी, हा मुळात शेतकऱ्याचा, नारळ फोडायचा, झाडी तोडायचा. २००९ साली तिथल्या सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिला. आर्निस म्हणा, एस्क्रिमा म्हणा, घराणं एकच. घरोघरी बोलो असलेल्या त्या देशात वर्ग मात्र वेतावर चालतात. वेत फुटला तर त्याचे तंतू झाडूसारखे पिंजारतात, इतर लाकडासारखी टोकदार ढलपी उडून डोळ्यात जात नाही. म्हणजे वेत ही काही गरिबाघरची मशेटी नाही. जोरात, जवळून आणि हजारो वेळा टोले देता यावेत म्हणून तो निवडलेला आहे.

तुमच्या वर्गात 'सापाचे दात काढणं' शिकवलं असेलच. समोरच्याच्या डोक्यामागे लागायचं नाही, हत्यार धरलेल्या हातावरच पहिला घाव घालायचा. आता मशेटीची मूठ डोळ्यासमोर आणा. पातं संपतं तिथे बोटं सुरू होतात, मध्ये आडवं काही नाही. दांडपट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, तलवारीला बोटं वाचवणारी परज असते. मशेटी गवताशी लढते आणि गवत उलटून मारत नाही, म्हणून तिला यातलं काहीच दिलेलं नाही. अशी दोन उघडी हत्यारं घेऊन ज्या कलेत पहिलं लक्ष्यच बोटं, तिचा सराव तुम्ही मित्राबरोबर करणार? एकाची तर्जनी जायला एक चुकलेला ठोका पुरे. शिवाय मशेटीचं पातं म्हणजे जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा पत्रा. पात्यावर पातं आपटलं की धारेला दाते पडतात आणि पोलादाची कपची उडते, ती कुठे जाईल सांगता येत नाही.

आता तुमच्या बाजूचं बोलते. वेताची काठी गोल असते, त्यामुळे तिला धार कुठे हे नसतंच. दोन वर्षं काठी फिरवलेल्या माणसाच्या हातात मी चपटं लाकूड देते तेव्हा दहातले सात-आठ घाव पात्याच्या पोटाने बसतात, धारेने नाही. हे व्यंग खरं आहे आणि ते तुम्हाला जाणवलं याचं कौतुक वाटतं. फक्त त्याला औषध मशेटी नाही. औषध सुताराकडे आहे.

सुताराकडून दोन फूट लांब, दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड अशी पट्टी करून घ्या. लाकूड बाभळीचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. अवजारांचे दांडे बाभळीचे करतात ते तिच्या चिवटपणामुळे. लाकडाच्या रेषा पट्टीच्या लांबीने सरळ गेलेल्या हव्यात आणि मध्ये गाठ नको, एवढं वखारीतच पाहून घ्या. सगळ्या कडा घासून गोल करायच्या. खालचे पाच इंच मुठीचे. ही मूठ गोल नको, लंबगोल हवी. घरी कुऱ्हाड असेल तर तिचा दांडा चाचपून बघा, तोही लंबगोलच असतो. म्हणून अंधारातसुद्धा धार कुठे आहे ते तळहाताला कळतं. मग एका कडेला लाल रंगाचा पट्टा ओढा. ती तुमची धार. अशी पट्टी साधारण साडेतीनशे ग्रॅम भरते. वेताची काठी दोनशेच्या आसपास आणि अठरा इंची मशेटी पाचशेच्या घरात, म्हणजे वजनातही ही मधली पायरी झाली.

ती फिरवताना कान उघडे ठेवा. लाल कड बरोबर पुढे असेल तर हवेतून बारीक, स्वच्छ 'सूं' येतो. पट्टी जराशी तिरकी झाली की आवाज फाटतो, 'फर्र' होतो, आणि मनगटाला ती वळू पाहतेय असं जाणवतं. आरसा नको, व्हिडिओ नको, हा आवाज पुरेसा गुरू आहे. झाडाला किंवा पंख्याच्या हुकाला एक दोरी टांगा आणि पूर्ण वेगाने आलेला घाव दोरीच्या बोटभर अलीकडे थांबवा. दोरी हलता कामा नये. उजव्या खांद्यावरून, डाव्या खांद्यावरून, दोन्हीकडून आडवा आणि वरून सरळ, असे पाच घाव, प्रत्येकी वीस. एवढंच करा, पण रोज. पहिल्या आठवड्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागला तर समजा की हत्यार मनगटाने फेकताय. घाव कमरेतून आणि खांद्यातून यायला हवा. ठणका असताना रेटू नका. ते दुखणं एकदा बसलं की चहाचा कपही जड वाटतो.

जोडीदाराबरोबर वेग हवा असेल तर पीव्हीसीच्या नळीवर फोमचं वेष्टण चढवलेलं हत्यार वापरा, आणि तेव्हाही हातमोजे, डोळ्यांना चष्मा. बोलोच्या आकाराची प्लास्टिकची आणि बोथट अ‍ॅल्युमिनियमची सरावपातीही बाजारात असतात. अ‍ॅल्युमिनियमवाली फक्त संथ, ठरवून केलेल्या हातांसाठी. बोथट धातूसुद्धा बोटाचं हाड मोडू शकतो.

आता वडिलांचा कोयता. त्याला हात लावू नका असं म्हणणार नाही, पण या कामाला तो चुकीचा आहे. बोलो किंवा मशेटीची धार सरळ किंवा बाहेर फुगलेली असते, घाव बसतो आणि पातं पुढे निघून जातं. आपल्या बाकदार कोयत्याची धार वाकाच्या आतल्या बाजूला. तो घावाबरोबर ओढायचा असतो. उसाचं कांडं किंवा फांदी वाकात सापडते आणि ओढीने तुटते. एस्क्रिमाचे हात त्याने केलेत तर चोच कपड्यात, दोरीत, स्वतःच्या बाहीत अडकणार, आणि दोन वर्षांत बसवलेला हात बिघडेल तो वेगळाच. कोकणातली कमरेच्या आकडीत अडकवायची कोयती निराळी, घाटावरचा ऊसतोडीचा कोयता निराळा. ज्याचं काम ज्याला. ऊसतोडीच्या टोळीत तर 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, याच हिशेबाने मोजली जाते. त्या हत्याराच्या नावावर इतकं काही आहे, त्याला गच्चीवर हवेत नाचवायचं कशाला?

मित्राच्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण असा 'मित्र' प्रत्येक वर्गात असतो. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत मोजतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. मित्राने एवढंच वाक्य ऐकलेलं दिसतं. पण काळा मुलामा दिलेली, पाठीवर करवतीचे दाते असलेली, 'टॅक्टिकल' म्हणून विकली जाणारी मशेटी शेतीची आहे हे तुम्ही कुणाला पटवणार? आणि अवजार शेतीचंच असलं तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ उरतंच. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक जागी हत्यारं, लाठ्यासुद्धा, बाळगायला मनाई करतात. मोठ्या शहरांत असे आदेश वरचेवर निघतात आणि ते मोडले तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. पुण्यात 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळल्यापासून तर पाठीवरच्या पिशवीतून मूठ डोकावणारा तरुण कुठल्याही नाकाबंदीत थांबवला जाणार. "सर, मी क्लासला चाललोय" हे तिथे चालत नाही. विकत घेण्याआधी तुमच्या भागात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारा, सदर लिहिणाऱ्या बाईच्या भरवशावर राहू नका. वर्गात पातं न्यायचंच असेल तर सरांनी सांगितल्यावर, गुंडाळून, बांधून, गाडीच्या डिकीत, आणि मनाई नाही ना हे आधी पाहून. लाकडी पट्टीसुद्धा बॅगेत पूर्ण आत जाईल अशीच न्या.

गच्ची नको. पहाटे कुणी नसतं हे तुमचं गृहीतक. पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह बघायला येणारा वॉचमन, वाळवणाला आलेल्या काकू, पतंग काढायला आलेलं पोर, यांतलं कुणीतरी नेमकं तुमच्या पाठीमागे उभं राहील. समोरच्या इमारतीतून बघणारा माणूस १०० नाही तर ११२ लावेल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. लाकडी पट्टीसाठी गच्ची चालेल. पात्यासाठी गावचं रान.

तर वर्षभराने, सर हो म्हणाले आणि लाल कड सरळ चालायला लागली, की मशेटी घ्या. ऑनलाइन नको, हातात घेऊन. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं आणि मुठीच्या दोन्ही पाकळ्या रिव्हेटने बसवलेल्या असाव्यात. प्लास्टिकच्या मुठीत किती पोलाद आत शिरलंय ते बाहेरून दिसत नाही. शोभेच्या तलवारींत तर पुष्कळदा नुसती डाग मारलेली बारीक सळई असते. अशी एक तलवार कार्यक्रमात मुठीतून सुटून पहिल्या रांगेसमोर पडलेली मी पाहिली आहे. आधी टोक धरून पातं हळूच वाकवा, सोडल्यावर ते सरळ यायला हवं. मग पाठीकडून लाकडावर आपटून बघा. मुठीतून खुळखुळ आली तर दुकानातच ठेवून या. जाड, जड पातं म्हणजे भारी असं नसतं. थांबवता येईल तेवढंच वजन तुमचं.

आणि ते वापरायचं एकट्याने, कापण्यासाठी. केळीचा घड उतरवला की खुंट तोडतातच, तो मागून घ्या. केळ नसेल तर वर्तमानपत्रं घट्ट गुंडाळून रात्रभर भिजवा आणि बांबूवर उभी खोचा. लक्ष्य कंबर ते खांद्याच्या मध्ये असू द्या, खाली नको. बंद बूट घाला, चप्पल नाही. सुती हातमोज्यात मूठ घसरते, त्यापेक्षा कोरडा उघडा हात बरा. मनगटात दोरीचा फास नको. हात सुटला तर पातं दोरीवर झोका घेऊन तुमच्याकडेच येतं.

केळीचं एक सांगायचंच राहिलं, आणि ते मी पंचविशीत माझ्या नडगीवर शिकले. मामाच्या शेतात पहिल्यांदाच खुंट कापत होते. एवढा मांडीएवढा बुंधा म्हणून सगळं अंग घालून उजव्या खांद्यावरून घाव टाकला. केळीचा खुंट म्हणजे पाण्याने भरलेल्या सोपटांच्या गुंडाळ्या. पातं त्यातून लोण्यातून गेल्यासारखं गेलं आणि उरलेल्या सगळ्या जोरानिशी खाली आलं. सवयीने डावा पाय पुढे होता. चार टाके. मामी ओरडत होती, मामा हळद शोधत होता, आणि मी मूर्खासारखी तुटलेल्या खुंटाचा काप सरळ आलाय का ते बघत होते. आलेला होता. तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना निम्म्या जोराच्या वर परवानगी नाही आणि ज्या बाजूला घाव उतरणार तो पाय मागे. उजव्या खांद्यावरून डावीकडे उतरणारा घाव असेल तर डावा पाय मागे. असं काही झालंच तर हळद, चहापूड, कॉफी काही भरू नका. स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरा, उचलून बघू नका, अवयव वर ठेवा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथे विचारा. रक्त थांबत नसेल तर १०८.

हातावर लिंबू, पोटावर केळं ठेवून कापण्याचे खेळ तुम्ही शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिले असतील. ते करणाऱ्यांचे हात वर्षानुवर्षं तयार झालेले असतात, आणि तरीही मला ते आवडत नाहीत. मित्राला मोबाइल धरायला सांगून तसलं काही करू नका, एवढंच.

आईला कसं पटवायचं, हे तुम्ही विचारलंय. तिची अट नीट वाचा. ती 'उघडं' पातं नको म्हणतेय. गावी कोयता कुठे खोचून ठेवायचा, मुलांचा हात पोचणार नाही असा, हे तिने आयुष्यभर पाहिलं असणार. खंडेनवमीला त्याला हळदकुंकूही तिनेच वाहिलं असेल. पात्याबद्दल तिला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. तिला पटवण्याऐवजी पट्टी दाखवा, वर्षभर रोजचे शंभर घाव करताना दिसा, आणि मशेटी आणायची वेळ आली की ती कुठे ठेवायची हे तिलाच ठरवू द्या. 'घरात राहिली तर चोर आला तेव्हा उपयोगी पडेल' असा विचार डोक्याच्या मागे कुठे असेल तर तो मात्र सोडा. अंधारात, अर्धवट झोपेत, घरच्याच माणसांच्या गर्दीत दीड फुटाचं पातं कुणाला लागेल याचा नेम नाही. दाराला चांगली कडी लावा.

गंजाचं. हो, गंजतात. मशेटी बहुधा साध्या कार्बन पोलादाची असते, स्टेनलेस नव्हे. केळीच्या चिकाने तर ती तासाभरात काळी पडते. कापून झालं की लगेच धुवा, पुसा, उन्हात दहा मिनिटं ठेवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होऊन त्यावर धूळ बसते. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. बागेच्या पाइपाचा दीड फुटाचा तुकडा उभा चिरा आणि धारेवर चढवा, वरून जुनी सुती साडी गुंडाळा, दोन ठिकाणी सुतळीने बांधा. साडी आईकडे मागा.